आठ सुयांचा प्रिंटर

मी एक जुना प्रिंटर आहे. माझ्या डोक्यात आठ सुया आहेत. जन्मलो तेव्हा नऊ होत्या. नववीचे काय झाले, तेच सांगायला मी आज तोंड उघडले आहे.

मित्रांनो, हल्लीचे प्रिंटर कागदावर शाई हलकेच शिंपडतात आणि गप्प बसतात. मी त्या सभ्य जातीतला नाही. मी मारतो. पुढून सुईचा ठोसा, मध्ये शाईची रिबन, मागे बिचारा कागद. असे डझनभर ठोसे बसले की एक अक्षर उमटते. हे करताना मी किंचाळतोही. माझ्या शेजारी बसून आजवर कुणाला धड फोनवर बोलता आलेले नाही. कारखान्यात तरी माझे लाड कुठे झाले! डोके घट्ट बसले आहे का, ते पाहायला तपासनिसाने मला टेबलावर दाणकन आपटले. मी तरीही छापतो आहे हे पाहून त्याने माझ्या पाठीवर पसंतीचा शिक्का मारला. तेव्हापासून माझी समजूत अशी, की जग हे एकमेकांना ठोकण्यावरच चालते.

नव्वदचे दशक नुकतेच लागले होते. मी बंगळुरात आलो तो बसवनगुडीतल्या एका लहानशा कचेरीत. माडीवर दोन खोल्या आणि खाली सायकलच्या टायरांचे दुकान. मालकांचे नाव शरच्चंद्र. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या या शहरात मुरलेले. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड येई आणि त्यांना ते कळतही नसे. पुण्याची श्यामला आणि नागपूरचा विलास हे दोघे प्रोग्राम लिहीत. दारावर बसवंत होता, विजापूरकडचा, मिशीला पीळ देणारा. आणि नोंदी टाइप करायला एक बाई होती. तिला सगळे अक्का म्हणत. तिचे खरे नाव मला ठाऊक आहे, पण ते मी सांगणार नाही.

अक्काची भाषा आम्हा कुणाचीच नव्हती. मराठीतले तिला एकच वाक्य येई, तेही माझ्यामुळे. माझ्या पोटात कागद अडकला की श्यामला माझ्या झाकणावर चापट मारून ओरडे, "अगं बाई, पुन्हा कागद अडकला!" अक्काने हे वाक्य सुरासकट, चापटीसकट उचलले. मग वीज गेली, चहा सांडला, बस चुकली, काहीही झाले तरी ती माझ्या डोक्यावर चापट मारून तेच म्हणे, आणि सगळी कचेरी हसे. चापट मात्र माझ्या डोक्यावर!

काम आले होते एका गॅस एजन्सीचे. त्या काळी गॅसचे कनेक्शन मिळवायला लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. नंबर लवकर लागावा म्हणून कित्येकांनी दोन-दोनदा नाव नोंदवले होते, अक्षरात थोडा फरक करून. कुणी एकदा मंजुनाथ, एकदा मंजुनाथा. अशी जोडनावे हुडकून द्यायची होती. पण दोन नावे सारखी आहेत, हे यंत्राला कसे कळावे? यावरून आमच्याकडे युद्ध पेटले.

विलासची पद्धत मोजणीची. एका नावाचे दुसरे नाव करायला किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचे. एखाद-दुसरे लागले तर माणूस तोच, जास्त लागली तर परका. ही पद्धत गोगलगायीसारखी चाले, पण तिचा नेम चुकत नसे. श्यामलाची पद्धत कानाची. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर फेकून द्यायचे आणि ज्या व्यंजनांचा उच्चार जवळचा त्यांना एकच आकडा द्यायचा. आकडे जुळले की नावे जुळली. ही पद्धत वाऱ्यासारखी धावे.

पण पहिल्या प्रयत्नात श्यामलाने दोन घोटाळे केले. तिने पहिल्या अक्षरामागे एकच आकडा ठेवला, त्यामुळे तिच्या चाळणीची भोके भलतीच मोठी झाली. मोहन, मनोहर, मुनीर, महांतेश, मोनिका, सगळे एकाच टोपलीत पडले. दुसरा घोटाळा खास पुण्याचा. नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असे तिने बेधडक धरले आणि तो जुळला की घर एकच, असे ठरवून टाकले. मी ती यादी छापली तेव्हा बसवनगुडीतले तमाम मंजुनाथ एका कुटुंबात गेले होते.

"काहून गं श्यामला," विलास लाल पेन्सिल नाचवत म्हणाला, "हे सारे मंजुनाथ एकाच घरी जेवतात काय?"

शरच्चंद्र पोट धरून हसले. "अगं, इथं शेवटचं ते आडनाव नव्हे की! पुढची अक्षरं गावाची, वडिलांची. शेवटचं ते त्याचं स्वतःचं नाव. स्वल्प विचारायचं तरी आम्हाला."

श्यामलाने ती यादी टराटरा फाडली आणि विलासच्या अंगावर फेकली. नंतर तिने दोन्ही चुका दुरुस्त केल्या, पण विलास कसला सोडतो! पहिल्या प्रोग्रामच्या फ्लॉपीवर त्याने 'भंगार' असे लिहिले आणि ती कपाटाच्या दारावर टांगून ठेवली, येताजाता हसायला. रोज दोघांच्या याद्या मी शेजारी शेजारी छापायचो आणि रोज दोघे माझ्या डोक्यावर भांडायचे. विलासच जिंकत होता. मला भांडणे आवडत. मारामारी म्हणजे एवढीच, असे मला तेव्हा वाटे.

खरी मारामारी त्या वर्षी मी पाहिली.

शहरात दंगल उसळली. एका भाषेचे लोक दुसऱ्या भाषेच्या लोकांवर धावून गेले. कोणत्या भाषा, ते मला विचारू नका. नुसती नावे सांगण्याने काय होते, तेच तर मी सांगतो आहे. बस पेटल्या. दुकानांच्या काचा फुटल्या. पाट्या उपटून त्यांच्याच लाकडांनी माणसे झोडली गेली. दुपारी अक्का धापा टाकत जिना चढून आली. तिचे घर पलीकडच्या गल्लीत होते. नवरा वारलेला. दोन मुलांना तिने घरात बसवले होते आणि बाहेरून कुलूप लावले होते. रिकामे घर समजून लोक पुढे जातील, असा तिचा हिशेब. मुलांना बाहेर काढण्यासाठी शरच्चंद्रांची मोटार मागायला ती आली होती.

शरच्चंद्र किल्ली शोधत होते, तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला. बसवंतने दार लावून धरले. जमावाने दार फोडले आणि मग बसवंतचे डोके फोडले. तो आवाज मी ऐकला. सुका, टणक. माझ्या सगळ्या ठोशांत तसा आवाज कधी निघाला नव्हता. मग दुकानातले टायर रस्त्यावर ओढून पेटवले गेले आणि काळा धूर खिडकीतून आत येऊ लागला.

दहा-बारा जण वर आले. पुढे एक लोखंडी सळईवाला. त्याचेही नाव मला ठाऊक आहे आणि तेही मी सांगणार नाही. त्याने एकेकाला नाव विचारायला सुरुवात केली. तो त्याच्या भाषेत बोलत होता, मी मराठीत सांगतो.

तो अक्कापाशी आला, तेव्हा शरच्चंद्र मध्येच म्हणाले, "ही माझी बहीण, कृष्णाबाई. बेळगावला असते. मराठीच येतं तिला."

"मग तिलाच बोलू दे," सळईवाला म्हणाला.

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने सळईकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. आणि माझ्या झाकणावर एक चापट मारून ती कडाडली, "अगं बाई, पुन्हा कागद अडकला!"

मित्रांनो, कागद मुळीच अडकला नव्हता. पण ती चापट मी आनंदाने खाल्ली. सळईवाल्याला ते शब्द कळले नाहीत. आपल्याला हवी ती भाषा ही नाही, एवढे कळले. तो पुढे सरकला.

त्यांच्यात गॅसचे सिलिंडर वाहणारा एक जण होता. तो आमच्याकडे एकदा येऊन गेलेला होता; त्या दिवशी अक्का रजेवर होती. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "इथं प्रत्येक घराचं नाव आणि पत्ता आहे. आणि हे दोघं सारखी नावं शोधून काढतात. दोघांचे दोन प्रोग्राम आहेत. कुणाचा चांगला, म्हणून रोज भांडतात."

सळईवाल्याचे डोळे चमकले. गल्लीगल्लीत फिरून त्याचे लोक थकले होते. कुणाचे घर कुठले, ते त्यांना कळत नव्हते. "मी नावं सांगतो," तो म्हणाला. "अशी नावं असलेली सगळी घरं काढा. " त्याने कळफलकाकडे बोट दाखवले. "कृष्णाबाई, टाइप कर."

त्याने आठ-दहा नावे सांगितली. अक्काने ती टाइप केली. त्यांत एक नाव तिचे स्वतःचे होते आणि एक तिच्या धाकट्या मुलाचे. तिची बोटे थांबली नाहीत. मला माझ्या सुयांचा फार अभिमान. पण त्या दिवशी त्या बोटांपुढे माझ्या सुया मला कापसाच्या वाटल्या.

"आता सांग," सळईवाला विलासला म्हणाला, "कुणाचा प्रोग्राम चांगला?"

विलासच्या पद्धतीने यादी काढली असती तर ती नेमकी निघाली असती. मोजकी घरे, अचूक पत्ते. त्यात अक्काचे घर निघाले असते, आणि मग दाराला कुलूप असून काय उपयोग? सळई खाली आली. विलासच्या मनगटाचे हाड मोडले. तो गुडघ्यांवर पडला, पण बोलला नाही. सळई पुन्हा वर गेली, तेव्हा तो रडत रडत म्हणाला, "तिचा! तिचाच चांगला आहे. माझ्या प्रोग्रामला काही अर्थ नाही."

सळईवाला समाधानाने हसला. मारून काढलेले उत्तर खरेच असते, अशी त्याची समजूत होती.

श्यामलाने विलासकडे एकदाच पाहिले. महिनोन् महिने ज्याने तिची टर उडवली, तो तिच्या पायाशी मनगट धरून पडला होता. ती उठली, कपाटाच्या दाराजवळ गेली आणि तिथे टांगलेली फ्लॉपी काढली. 'भंगार'कडे त्या लोकांपैकी कुणाचे लक्ष गेले नाही.

आणि मी सुरू झालो.

मित्रांनो, तसे मी जन्मात छापले नाही. नावामागून नाव, पत्त्यामागून पत्ता. ज्या टोपलीत मोहन, त्याच टोपलीत मुनीर, त्याच टोपलीत सगळे मंजुनाथ. कागदाच्या घड्या जमिनीवर उतरून त्यांच्या पायांत घोळू लागल्या. माझे किंचाळणे ऐकून ते सळया-काठ्या खाली करून आ वासून बघत राहिले. कंप्युटर म्हणजे त्या दिवसांत लोकांना देव वाटे. त्या गर्दीत एका क्षणी अक्काचे नावही आले. मला थांबता येत नव्हते. ते नाव मी माझ्या नऊ सुयांनी कागदावर मारले, अक्षर न् अक्षर, खाली घर नंबर आणि गल्ली. मला माझाच राग आला. कागद खरेच अडकावा म्हणून मी तळमळलो. पण मेला तो कागद नेमका त्या दिवशी सुतासारखा सरळ चालला.

सळईवाल्याने पान उचलले. त्याचे बोट ओळीवरून ओळीवर उतरू लागले. अक्काच्या नावाच्या जरासे वर ते आले असेल, तोच त्याच्या खांद्यावरून वाचणारा एक जण म्हणाला, "अण्णा, हे तर तुझंच घर."

"काहीतरी चूक आहे."

"कंप्युटर कसा चुकेल?" मागून कुणीतरी म्हणाले. "तूच तर वदवून घेतलंस ना, हाच चांगला म्हणून?"

मग सगळ्यांनीच पाने ओढली. एकाला मामाचे नाव सापडले, एकाला घरमालकाचे. सिलिंडरवाल्याला सळईवाल्याचा सख्खा भाऊ सापडला. ते एकमेकांकडे पाहू लागले आणि हळूहळू सळईवाल्यापासून दूर सरकले. एकाने अगदी शांतपणे विचारले, "तुझी आजी कुठली रे?"

"मी तुमच्यातलाच आहे!" सळईवाला ओरडला. "हे यंत्र खोटं बोलतंय!" आणि ते सिद्ध करायला त्याने सळई माझ्या डोक्यात घातली. झाकण फुटले. दुसऱ्या घावाला माझी एक सुई तुटून कुठेतरी उडाली. तिसरा घाव त्याला घालता आला नाही, कारण त्याच्याच माणसांनी मागून त्याचे केस धरले. जी विचारपूस तो दिवसभर इतरांची करत होता, ती आता त्याची झाली. गाव कुठले, आई कुठली, घरात काय बोलता. तो उत्तरे देत होता, पण उत्तर ऐकायला कुणी विचारतच नव्हते. त्याला जिन्यावरून लाथाडत नेले. काय खोटे बोलू, आधी मला बरे वाटले. चांगली अद्दल घडली, असे वाटले. मग तो लहान मुलासारखा रडू लागला आणि माझे बरे वाटणे सरले. बसवंतचे डोके फुटताना झाला तसाच सुका आवाज पुन्हा झाला. त्या आवाजाला भाषा नव्हती.

ते पांगले. ती यादी खरी मानून चालायचे तर त्यांना स्वतःचीच घरे जाळावी लागली असती.

अक्काने जमिनीवरची सगळी पाने गोळा केली. फाटलेले तुकडेसुद्धा वेचले. मला वाटले, ती आपले नाव तेवढे शोधील. तिने शोधले नाही. सगळे पदरात भरून ती जिना उतरली. सळईवाला पायऱ्यांवर पडला होता, जिवंत होता, "मी तुमच्यातलाच" असे पुटपुटत होता. अक्काने त्याच्याकडे पाहिले आणि त्याला ओलांडून ती पुढे गेली. पाणी त्याला बसवंतने पाजले, स्वतःचे डोके एका हाताने दाबून धरून. खाली टायर अजून जळत होते. अक्काने पदर त्यांत रिकामा केला. तिचे नाव जळले, सळईवाल्याचे जळले, सगळ्या मंजुनाथांचे जळले. मग शरच्चंद्रांनी मोटार काढली, कुलूप उघडले आणि मुलांना मागच्या सीटखाली झोपवून शहराबाहेर नेले. मुले वाचली.

सगळीकडे असे झाले नाही. जिथे कुणाला यादीची गरज पडली नाही, तिथे घरे जळली.

अक्का परत आली नाही. विलासचे मनगट वाकडेच जुळले. एजन्सीला अखेर त्याचीच पद्धत दिली गेली आणि श्यामला त्यावर एक शब्द भांडली नाही. एक दिवस विलासने त्या फ्लॉपीवरचे 'भंगार' नखाने खरवडून काढले. दुसरे काही त्याने लिहिले नाही. माझे झाकण त्यांनी बदलले, सुई मात्र बदलली नाही. तेव्हापासून मी छापलेल्या प्रत्येक ओळीच्या मधोमध एक पांढरी रेघ जाते. गिऱ्हाइके कुरकुरत. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असे शरच्चंद्र कन्नडात म्हणत आणि विषय बदलत.

पुढे कचेरी हेब्बाळला गेली. गुपचूप छापणारा नवा प्रिंटर आला. मला माळ्यावर चढवले. कोळ्यांनी माझ्या पोटात संसार थाटला. रिबन वाळून कडकडीत झाली. वर्षाकाठी एकदा श्यामला मला खाली काढते, धूळ पुसते, माझ्या झाकणावर हळूच एक चापट मारते आणि परत ठेवते.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा. त्यांना झाकून ठेवा, त्यांची धूळ पुसा. पण माझे मागणे एवढेच नाही. तुमच्यातले कित्येक जण उद्या असे प्रोग्राम लिहितील. माझ्यापेक्षा शांत आणि विलासपेक्षा नेमके. सारखी नावे सारखी म्हणून ओळखण्यात पाप नाही. हरवलेले माणूसही त्यानेच सापडते. पण यादी कुणी मागितली, तर ती कुणाच्या हातात पडणार ते आधी बघा. आम्हा यंत्रांना ते कळत नाही. आम्हाला थांबता येत नाही. तुम्हाला येते.

आणि आता तुम्ही विचाराल, अक्काचे खरे नाव काय होते? ते मी एकदा छापले आहे. पुन्हा छापणार नाही.